सरूबाईचा दुसरा बाप्तिस्मा

छावणी, छत्रपती संभाजीनगर
८ जानेवारी २०२५

चि. मोनिका हिला बाबांचा सलाम.

तू माझा नंबर बंद करून टाकलास, शेजारच्या फोनवरून केला तर आवाज ऐकून ठेवून दिलास, म्हणून शेवटी पोस्टाच्या पेटीला शरण गेलो. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडणार असशील तर त्याआधी एवढंच वाच, हे भांडणाचं पत्र नाही. भांडायला आता माझ्यात दम नाही आणि समोर माणूसही नाही.

तुझ्या आईच्या हातावरचं ऑपरेशन वाया गेलं. डायलिसिससाठी आता तिच्या मानेजवळ नळी बसवलीय, तिची दोन तोंडं छातीवर लोंबत असतात. दवाखान्यातल्या पोरानं पहिल्याच दिवशी मला बजावलं की बाबा, या नळीला पाणी लागता कामा नये, डोक्यावरून आंघोळ बंद, पाणी आत गेलं की ताप थेट रक्तात. तेव्हापासून मी तिचं अंग ओल्या फडक्यानं पुसतो. ती म्हणते, एवढी सेवा तरुणपणी केली असती तर मी आजारी कशाला पडले असते. जीभ अजून शाबूत आहे तिची.

आता मूळ गोष्ट. नाताळात तू गुजरातेतून तिला फोनवर म्हणालीस, आई, तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही. लहानपणी कुणीतरी कपाळावर चार थेंब शिंपडले, ते तुला आठवतात तरी का? विश्वास आधी, पाणी नंतर, आणि पाणी म्हणजे अख्खं माणूस बुडालं पाहिजे. नाहीतर न्यायाच्या त्या दिवशी मी तुला शोधत फिरेन आणि तू मला दिसणार नाहीस. बोलताना तू रडत होतीस, तुझ्या मनात खोट नव्हती, हे मला मान्य आहे. पण त्या दिवसापासून ती बाई झोपलेली नाही. मी फोन हिसकावून घेतला आणि या घरात पुन्हा पाय ठेवू नको म्हणालो. ते मी परत घेत नाही. आलीस तर दारही लावून घेणार नाही.

तिनं आता एकच धरलंय, मला बजाजनगरला मोनीच्या जुन्या पास्टरकडं न्या, मला बुडून बाप्तिस्मा घ्यायचाय. मी म्हटलं, बाई, तुला डोक्यावर तांब्याभर पाणी घ्यायची मुभा नाही, तू हौदात कुठं उतरतेस?

लासूर स्टेशनला तिच्या माहेरची सगळी वस्ती एकाच रविवारी ख्रिस्ती झाली. पाद्रीसाहेबांनी रांगेत उभं करून पितळी लोट्यातून एकेकाच्या कपाळावर पाणी घातलं. ही आईच्या कडेवर होती. तिला काही आठवत नाही हे खरं, पण तिच्या आजीला मरेपर्यंत आठवत होतं. आणि तुझं तर मला कालच्यासारखं आठवतं. चर्चचा सेवक म्हणून वेदीजवळचं बाप्तिस्म्याचं पात्र मीच भरलं होतं, मीच तुला हातावर धरलं होतं, आणि सगळी मंडळी उभी राहून म्हणाली होती की या लेकराला आम्ही सांभाळू. पुढं कळत्या वयात दृढीकरणाच्या विधीला तू स्वतःच्या तोंडानं हो म्हणालीस. मग लग्नानंतर बजाजनगरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये टँकर मागवून तुला परत बुडवलं. मी तुला धरून उभा राहिलो होतो ते सगळं खोटं ठरलं, असं मला त्या दिवशी वाटलं. अजून वाटतं.

माझ्या नातीला, श्रेयाला तर तुम्ही अजून पाणीच लावलं नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल म्हणता. ठरवू दे. मी त्यात पडत नाही.

माझं मागणं एकच आहे. आईच्या नावानं एक ओळ लिही, आई, तुझा झालाय तेवढा पुरे. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही, आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्याही नाही. तुझ्या शब्दावर ती डोळे मिटून निजेल.

बाबा


११ फेब्रुवारी २०२५

मोनिका,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनला मी दोनदा अडवून विचारलं, तर तो म्हणाला, काका, गुजरातेतून पत्र यायला उशीर लागतो. भला माणूस आहे, मला बरं वाटावं म्हणून बोलला.

पाळकसाहेबांना घरी बोलावलं. त्यांनी तासभर बसून समजावलं की बाप्तिस्मा एकदाच होतो. तो माणसानं देवाला दिलेला शब्द नाही, देवानं माणसाला दिलेला आहे. दुसरा मागायचा म्हणजे पहिल्या वेळी देवाला ऐकू आलं नव्हतं असं म्हणायचं. पाणी ओंजळभर की हौदभर, तो मोजत नाही. आईनं त्यांना चहा दिला, व्हय साहेब, व्हय साहेब केलं. ते गेल्यावर मला म्हणाली, "त्यांची लेक त्यांच्याच घरात हाय. त्यांना काय जातंय बोलायला?"

मग शेजारची सत्यशीला. तुला आठवत असेल, बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होती, कॅथलिक आहे. तिनं आपल्या फादरना विचारून त्यांचा निरोप आणला. ते म्हणाले, सरूबाईंचं शिंपडणं आम्हालाही मंजूर आहे, तिन्ही नावं घेतली आणि पाणी लागलं की झालं, आम्ही त्यावर दुसरं देत नाही. मला हायसं वाटलं. एकमेकांच्या घरचं पाणी न पिणारी दोन चर्चं एका गोष्टीवर एकत्र आली होती, तेवढ्यानं तरी ही ऐकेल असं वाटलं.

पण सत्यशीलाला बोलायची हौस. ती सांगत बसली की नुकतं जन्मलेलं लेकरू जगणार नाही असं दिसलं की मीच वाटीतून पाणी घालून बाप्तिस्मा दिलाय कितीदा, आमच्यात जिवावर बेतलं असेल तर कुणीही देऊ शकतं, ख्रिस्ती नसलेलं माणूससुद्धा. तुझ्या आईचे डोळे एकदम चमकले. सत्यशीला लगेच म्हणाली, "पण ते ज्याचा झाला नाय त्याच्यासाठी, सरूबाई. तुमचा झालाय." पुढचं हिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

मी एक खोटंही बोलून बघितलं, तेही सांगून टाकतो. म्हटलं, मोनीचा फोन आला होता सत्यशीलाकडं, म्हणाली आईचा झालाय तो चालतो. आईनं विचारलं, रडली का? मी म्हटलं, नाही, चांगली हसून बोलली. ती म्हणाली, "मंग ती मोनी नव्हती." आणि भिंतीकडं तोंड करून निजली. इतकी वर्षं देवाच्या घरात झाडू मारला, पण खोटं बोलायची अक्कल काही आली नाही.

तू तिच्याशी नीट बोल. ती स्वतःहून तुला फोन करत नाही, म्हणते, उत्तर तेच येणार.

बाबा


१७ मार्च २०२५

मोनिका,

परवा तुझा आवाज ऐकला. तुला वाटलं असेल बाबा तिथं नाहीत. मी त्या शेडच्या दारातच उभा होतो, चपला हातात घेऊन.

शेवटी आईला घेऊन मी बजाजनगरला तुझ्या पास्टर बिभीषण यांच्याशी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. वाळूजच्या कंपनीत पाळी करून आलेला तो माणूस, अंगावर अजून कंपनीचे कपडे. त्यानं आधी तुझ्या आईला खुर्ची दिली, मग पदर सरकला तशी ती नळी बघितली आणि खालीच बसला. मला म्हणाला की माझ्या बाप्तिस्म्यापायी मला भावांनी शेतातून आणि घरातून काढलं, माझी आई गेली तेव्हा मला वेशीवरून परतवलं, तुमचं दुःख मला कळतं. अशा माणसाशी काय भांडायचं? मी चपला हातातच ठेवल्या.

आईला तो म्हणाला, "आजी, मी तुम्हाला पाण्यात घालणार नाय. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला कुणी बुडवलं होतं? तरी तो स्वर्गात गेलाच. देव मन बघतो." आई म्हणाली, "हे मोनीला सांगा." म्हणून त्यानं तुला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

तू त्याला जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "पास्टर, तुम्हीच शिकवलंत ना मला? त्या शिकवणीपायी मी बाबांना सोडलं. आता आईसाठी वेगळा नियम असेल तर मी सोडलं ते कशासाठी?" त्यानं फोन आईपुढं धरला.

मग आई फोनवर वाकून म्हणाली, "मोने, मी आजारी हाय ग." आणि तू रडत रडत म्हणालीस, "आई, म्हणूनच. मला जे खरं माहितीय ते लपवून मी तुला कशी जाऊ देऊ? मे महिन्यात येते मी. तोवर प्रार्थना करते."

मला तुझा राग यायला हवा होता. आला नाही, हीच पंचाईत आहे. पाळकसाहेब खरं बोलतात, फादर खरं बोलतात, बिभीषण खरं बोलतो, तूही खरं बोलतेस. या सगळ्यात खोटा काय तो मी, आणि माझं खोटंही टिकलं नाही.

येताना छावणीला उतरायचं सोडून आई म्हणाली, शहागंजला चला. अंगात त्राण नसताना दुकानाच्या पायरीवर बसून तिनं पांढरं कापड घेतलं आणि आपल्या मापाचा लांब झगा शिवायला टाकला. ईस्टरसाठी असेल म्हणून मी विचारलं नाही.

मे महिना लांब आहे, पोरी. आधी ये.

बाबा


२४ एप्रिल २०२५

मोनिका,

आईला हुडहुडी भरून ताप आला. दवाखान्यात ठेवलंय. नळी भिजली होती. पाण्याचा दिवस होता, हौद भरलेला होता, गडबडीत भिजली. डॉक्टर म्हणतात रक्तात उतरलंय.

शुद्धीवर आली की तुझं नाव घेते आणि हसते. मला ते हसणं बघवत नाही.

मिळेल त्या गाडीनं ये. सत्यशीलानं जावई शिवमरावांना फोन केलाय, पण ते कामावर होते, निरोप तुझ्यापर्यंत पोचला का ते कळत नाही. म्हणून हेही टाकतो. ये.

बाबा


६ मे २०२५

मोनिका,

तू परवा गेलीस. इथं होतीस तोवर मला तुझ्याशी धड बोलता आलं नाही, आणि जे बोललो ते बोललो नसतो तर बरं झालं असतं. आता सगळं सरळ लिहितो. नळी गडबडीत भिजली नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी नळाला पाणी आलं. आपल्याकडं पाणी येतं त्या दिवशी गल्लीला दुसरं काही सुचत नाही, तुला माहीतच आहे. हौद काठोकाठ भरला, ड्रम भरले, आणि मोटर बंद करून मी मागं वळलो तर ती पांढरा झगा घालून दारात उभी. म्हणाली, तुम्ही द्या.

मी म्हटलं, सरू, मी पाळक नाही, मी घंटा वाजवणारा माणूस. ती म्हणाली, सत्यशीला सांगत होती ना, जिवावर बेतलं की कुणीही देऊ शकतं. माझं बेतलंय. मी म्हटलं, ते तुला लागू नाही. ती म्हणाली, "मोनीच्या हिशेबानं माझा झालाच नाय. मंग मला लागू हाय." हे तिनं कितीतरी दिवस मनात घोळवलं असणार. मला तोडता आलं नाही.

नळीचं बोललो. तू मरशील, असं तोंडावर बोललो. त्यावर तिनं हात जोडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यापुढं तिनं कधी हात जोडले नव्हते. म्हणाली, "मी तशीबी जाणारच हाय. नुसतं जाऊन तिच्यापासून दूर राहू का? तुम्ही मला रिक्षात घालून दवाखान्यात नेता, तसं हितंबी न्या."

मी नेलं. नळीवर दुधाच्या पिशव्या धुऊन गुंडाळल्या, वरून दवाखान्याची चिकटपट्टी मारली. स्टूल लावून तिला हौदात उतरवलं आणि मीही उतरलो. तेव्हा मला शब्द माहीत होते ते आपल्याच चर्चचे, जे मी पात्राशेजारी उभं राहून जन्मभर ऐकले. म्हणजे परवानगी कॅथलिकांची, शब्द आपले आणि पाणी तुझ्या पास्टरच्या रीतीचं. सगळ्यांनी एकेक गोष्ट दिली आणि एकानंही दोष घेतला नाही. दोष माझा आहे.

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं मी तिला मागं झोपवलं. मान मी वर धरली होती, नळीच्या भीतीनं. ती उठून म्हणाली, कपाळ कोरडं राहिलं. मी म्हटलं, झालं ग, पुरे. ती म्हणाली, मोनीनं सांगितलंय, एक केससुद्धा वर राहता कामा नये. परत घाला. दुसऱ्या वेळी मी तिला पूर्ण खाली घातलं. वर आली तेव्हा चिकटपट्टी सुटून पाण्यावर तरंगत होती.

मी तिला तेव्हाच दवाखान्यात न्यायला निघालो होतो. ती येईना. ईस्टरची उपासना करून मग जाऊ म्हणाली. ओल्या केसांनी खाटेवर बसून ती इतकी खूश होती की मला घाई करवेना. तुला फोन लावून देऊ का विचारलं, तर म्हणाली, नको, मे महिन्यात आली की तोंडानंच सांगते, तिचं तोंड बघायचंय मला. सकाळी पांढरी साडी नेसून चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसली. घंटा वाजवताना मी वरून तिच्याकडं बघत होतो. दुपारी थंडी वाजायला लागली.

हौदातलं पाणी मी सांडलं नाही. या शहरात भरला हौद कोण सांडतो? ती दवाखान्यात असताना मी त्याच पाण्यानं भांडी घासली, कपडे धुतले. हे तुला का लिहितोय मला ठाऊक नाही.

तू पोचलीस तेव्हा आईची शवपेटी बंद करायची राहिली होती. दफनभूमीत तू मातीवर पडून रडलीस ते सगळ्या छावणीनं बघितलं. घरी आल्यावर मला वाटलं, हिला देण्यासारखी आपल्याकडं एक तरी चांगली गोष्ट आहे. म्हणून मी तुझ्याजवळ बसून सांगितलं की आईनं घेतला, पूर्ण पाण्याखाली जाऊन घेतला, कपाळसुद्धा कोरडं ठेवलं नाही. तुझं तोंड त्या क्षणी जे फुललं, ते तिला बघायचं होतं. ते माझ्या वाट्याला आलं. मग तू विचारलंस, "कुणी दिला? पास्टरनी?" मी म्हटलं, मी दिला.

तू हळूच म्हणालीस, "बाबा, तुम्ही स्वतः बुडालेले नाही. ज्याचा झाला नाही त्यानं दिलेला धरत नाहीत."

बिभीषण तिथंच बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी मान खाली घातली. आणि तू आईसाठी पुन्हा रडायला लागलीस, आधीपेक्षा जास्त. तुला दोष देत नाही. तू मला दुखवायला बोलली नाहीस, तुला खरोखर ती हरवलेली दिसली.

माझ्या चर्चच्या शिकवणीप्रमाणे ती, तू आणि मी, तिघंही देवाच्या घरात, आतच आहोत. जन्मभर मी तेच मानलं. पण हौदाशी जे झालं त्यानंतर मला माझंच म्हणणं खरं वाटेनासं झालंय. पाळकसाहेबांना मी काही सांगितलेलं नाही. घंटा वाजवतो, पात्र पुसून ठेवतो. गेल्या रविवारी एका लेकराला आणलं होतं. पात्र काठोकाठ भरून सांडायला लागलं तरी मी ओततच होतो, शेवटी पाळकसाहेबांनी तांब्या माझ्या हातातून काढून घेतला.

तुझं खरं धरलं तर सरू बाहेर राहिली, म्हणजे माझ्याबरोबर. तिला पाण्याखाली घालताना मी मनाची तयारी केली होती, ही आता लेकीकडं चालली, आपण इकडं एकट्यानं राहायचं. एवढं मोठं मन मी आयुष्यात दुसऱ्या कशासाठी केलं नव्हतं. आता कळतंय, ती कुठं गेलीच नाही. जन्माची सोबतीण शेवटीही आपल्याच बाजूला राहिली, याचा माणसाला आनंद व्हायला हवा. मला होत नाही. तिला मी नको होतो ग, तू हवी होतीस. ती तिथं दाराकडं तोंड करून बसली असेल. मी पोचलो की माझी खुशाली विचारायच्या आधी विचारेल, मोनी आली का. तिला नाही म्हणायचं काम तू माझ्यावर सोडलंयस.

बाबा